अण्णांचं नवं आख्यान

"ही अण्णांची," शरयू म्हणाली आणि तिनं वरच्या साकीवर बोट ठेवलं. विचार करावा लागलाच नाही. देवळाबाहेरच्या चपलांच्या ढिगातून आपली जोडी पायाला आपोआप सापडावी तशी ती साकी तिला सापडली. कागद दोन्ही कडांना भोकं असलेला, नुकताच प्रिंटरमधून करकरत बाहेर आलेला. त्यावर दोन साक्या एकीखाली एक छापलेल्या. दोन्ही शबरीच्या आख्यानातल्या. वरची अशी होती:

उभा राहिला दारी राघव, दार उघडले नाही;
आत बसूनी वाट पाहते शबरी दिशांत दाही.

आणि खालची अशी:

बोरे वेची, चाखुन पाही, शबरी भोळी भारी;
आंबट फेकी, गोड तेवढी राखुन ठेवी सारी.

"आणि खालची तुझ्या यंत्राची. बोरांचा बाजार मांडलाय नुसता," ती निमिषला म्हणाली आणि जराशी हसलीही. निमिष, तिच्या भावाचा मुलगा, सांगलीच्या या कॉलेजात संगणक शिकवायचा. तो हसला नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसला. मागं खुर्चीत रेलून बसलेले नानासो, उत्सव समितीचे अध्यक्ष, त्यांनी मात्र मांडीवर थाप मारली. "आवं ताई, उलटं झालं की. वरची यंत्राची. खालची अण्णांची. तुमी, सख्खी लेक, तुमीच फसलात म्हंजे लोकं तर डोलत्यालच." ते मनापासून खूष झाले होते. त्यांच्या हसण्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

तळपायांना गारवा झोंबत होता, हे तिला तेव्हा जाणवलं. संगणकाच्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून दारातच चपला काढाव्या लागल्या होत्या. अनवाणी पायांनी उंबरा ओलांडला, समोर पडद्याच्या काचेवर दसऱ्याला लावलेलं गंध वाळून चिकटलेलं दिसलं, आणि सवयीनं तिचे हात जोडले गेले होते. निमिषनं ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. आता त्या नमस्काराची लाज कानाच्या पाळ्यांपर्यंत चढली. निमिष हळू आवाजात समजावत होता. अण्णांच्या कीर्तनांच्या कॅसेटी त्यानं वर्षभर ऐकल्या, एकेक शब्द आत घातला. अण्णांच्या तोंडी कुठल्या शब्दामागून कुठला शब्द किती वेळा येतो, ते यंत्र मोजतं. मग त्या हिशेबानं ओळी जुळवतं, मात्रा बसल्या नाहीत तर टाकून देतं. "त्याला कळत काहीच नाही, आत्या. राम म्हणजे काय, बोर म्हणजे काय, काही नाही. शेकडो ओळी वाकड्यातिकड्या येतात. त्यातून अशी एखादी."

"निवडतं कोण?"

"मीच."

"कशावरून?"

निमिषनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "अण्णांच्या मांडीवर बसून ऐकलंय ना मी सगळं." हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की तिला त्याच्यावर रागावताही येईना. हा पोरगा चिपळ्या चावत लहानाचा मोठा झाला होता. त्याला अण्णा परत हवे होते, एवढंच. तिलाही हवे होते. ती साकी वाचताना क्षणभर ते आलेही होते, दार अडवून उभे, उपरण्याला बुक्क्याचा वास. मग आत आलं होतं ते कोण?

नानासोंनी पत्रिका पुढं केली. अण्णांची पुण्यतिथी, घाटाजवळचं राममंदिर, आज सायंकाळी पाच. खाली ठळक अक्षरांत ‘अण्णांचे नवे आख्यान: शबरी’ आणि त्याखाली तिचं नाव. "गावभर वाटल्यात. पेपरवाले येणार हायेत. जग कुठं चाललंय, ताई, आन आपण झांजा कुटत बसायचं व्हय?" मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं, "तुमाला जड जात आसंल तर जुलूम न्हाई. फलटणचे एक तरुण बुवा हायेत. त्यांचं पाठ बी झालंय. कीर्तनाची गादी रिकामी ऱ्हायची न्हाई, त्याची काळजी तुमी करू नका."

गादी रिकामी राहायची नाही. रिक्षात बसल्यावरही ते वाक्य तिच्या मांडीवर बसून होतं. "जरा जाऊन येते," एवढंच सांगून ती उठली होती आणि रिक्षावाल्याला तोंडातून निघालं ते "स्टँड." साखर कारखान्यांचं गळीत सुरू होतं. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, हवेला मळीचा आंबूस गोड वास. सातारची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर चहाला गेला असावा. शरयू फलाटावरच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर, पिशवीत चिपळ्या आणि कीर्तनाचं हिरवं नऊवारी. गाडीत चढायचं की नाही हे ठरत नव्हतं. डोक्यात ती साकी फिरत होती. उभा राहिला दारी राघव, दार उघडले नाही. तो दारात, आणि ही आत बसून दाही दिशा धुंडाळतेय. सुंदर होतं. ते सुंदर नसतं तर किती सोपं झालं असतं. लंगडं, खोटं, पत्र्याचा आवाज येणारं असतं तर तिनं तो कागद चुरगळला असता आणि दुपारी निमिषच्या बायकोच्या हातचं पिठलं पोटभर जेवली असती. पण ते सुंदर होतं आणि त्यात कुणी नव्हतं. एखाद्या घरात दिवा लागलेला दिसावा, आपण आनंदानं हाक मारावी, आणि घर बिनमाणसाचं निघावं. आणि दिवा मात्र खरा.

खालची साकी का ओळखू आली नाही, याचं तिला जास्त वाटत होतं. बोरे वेची, चाखुन पाही. ती ओळ तिनं जिभेवर घोळवली आणि एकदम थंडीतली सकाळ आठवली. कडेगावकडचं एक खेडं. ती दहाएक वर्षांची असेल, अण्णांच्या मागं झांज घेऊन उभी. देवळाच्या पायरीवर हरणाबाई म्हणून एक म्हातारी बोरांची पाटी घेऊन बसलेली. कीर्तनाला आलेली नव्हे, विकायला आलेली. अण्णांचं शबरीचं आख्यान रंगात आलेलं, आणि म्हातारी आपली बोरं निवडतेय, किडकी बाजूला टाकतेय. अण्णा चालू पदात थांबले. तिच्याकडं बघत राहिले. सगळी सभा वळून तिच्याकडं बघायला लागली. आणि अण्णांनी तिथंच, तिच्या हातांच्या गतीत, ती साकी केली. आंबट फेकी, गोड तेवढी. म्हातारीनं आधी शिवी द्यायला तोंड उघडलं, मग आपल्यावरच गाणं चाललंय हे कळून पदर तोंडावर घेतला आणि पदराआड हसत सुटली. पाटी तशीच टाकून आत येऊन बसली. तिनं स्वतः ती साकी कधी म्हटली नव्हती; नंतर अण्णा एखाद्या वेळी म्हणत राहिले असतील, कुणाच्या तरी कॅसेटीत गेली असेल, तिथून यंत्रात. शरयूला वाटलं, चला, सापडलं. हे त्या यंत्राला कुठं ठाऊक आहे? पण लगेच तिचं तिलाच हसू आलं. म्हणून ती साकी काही चांगली ठरत नव्हती. कागदावर ती बोरांची पाटीच होती. आणि हरणाबाई तिला स्वतःलाही आता आठवली होती, ओळखायच्या वेळी नव्हे. मग यंत्रात आणि तिच्यात फरक तो काय राहिला?

"ताई? आवं, कीर्तन तिकडं आन तुमी हितं व्हय?"

चांदसाहेब. मिरजेच्या गाडीतून उतरलेले, दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या, एकीत डग्गा, एकीत तबला. अण्णांच्या साथीला तरुणपणापासून असायचे, अण्णांनंतर तिच्या. ते बाकावर टेकले, डग्ग्याची पिशवी पोरासारखी मांडीवर घेतली.

"सातारची गाडी हाय की ही. कुनाला पोचवायला आला?"

"मलाच," शरयू म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हाला कळलं का, यंत्रानं आख्यान केलंय ते?"

"कळलं की. निमिषनं आयकवलं मला. ब्येस हाय."

"आवडलं तुम्हाला?"

"आवडंल न्हाई तर. त्यो तालाचा डबा निघालाय न्हवं, बटन दाबलं की धा धिन धिन धा, तसं न्हाई त्ये. ह्ये बोलतंय." त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, तिच्याकडं बघून परत ठेवली. "तुमाला पटंना जनू."

"नाही पटत."

"मग म्हणू नगा. मला काय, कुणी बी म्हणू दे, ठेका त्यो ठेका. भजनाला वाजीवतो, कव्वालीला वाजीवतो, लग्नात बी वाजीवतो." थोडा वेळ ते बैलगाड्यांकडं बघत बसले. मग आपणहूनच म्हणाले, "अण्णांसंगं लय तरास व्हता बगा. कवा कुठं वळतील पत्ता न्हाई. चालू साकीत थांबायचं आन म्होरच्या पोराला इचारायचं, तुजी आई कुठं गेली रं? मी आपला हात वर धरून बसलोय. सम कुठं पडनार ती अण्णांस्नी बी ठावं नसायची. घरी गेलो की खांदं दुखायचं. तुमच्यासंगं कसं निवांत, ताई. डोळं मिटलं तरी सम हातात यिऊन बसती. आमची बायकू, रहिमतबी, म्हणती, जावा, ताईंचं कीर्तन म्हंजे तुमची हक्काची झोप."

आणि ते खो खो हसले. प्रेमानं. तिची स्तुतीच करत होते ते. शरयूही हसली, कारण हसणं भाग होतं.

हक्काची झोप. तिला आपली सगळी वर्षं एका रांगेत दिसली, त्या बैलगाड्यांसारखी, एकीच्या चाकोरीत दुसरी. वाई, सातारा, कराड, सांगली. लग्न केलं नाही, कीर्तन केलं, असं लोक कौतुकानं म्हणायचे. अण्णांचा शब्द खाली पडू दिला नाही, असंही म्हणायचे. अण्णा जिथं थांबत तिथं ती थांबे. अण्णा जिथं डोळे पुसत तिथं तिचे डोळे भरून येत, आणि ते पाणी खरं असे, हे तिला शपथेवर सांगता आलं असतं. अण्णांनी कधी कुठं कुणाला पाहून जो हात केला होता तो हात तीही करायची, समोर ते माणूस नसताना. कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येतो ते तिनं मोजलेलं होतंच. वर्षभर नव्हे, जन्मभर. निमिषच्या यंत्रानं अण्णांची जागा घेतली नव्हती. अण्णांची जागा कुणी घेऊच शकत नव्हतं. त्यानं तिची जागा घेतली होती. आणि ती तिनं स्वतःच रिकामी ठेवली होती, झाडून, सडा घालून.

साताऱ्याला मंगळवार तळ्याजवळच्या देवळात ती पहिल्यांदा गादीवर उभी राहिली तेव्हा चौदा वर्षांची होती. नारदाच्या गादीवर उभं राहील त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचं, वय बघायचं नाही, हा रिवाज तिला ठाऊक होता. पण अण्णा वाकले तेव्हा ती घाबरून मागं सरली. अण्णांनी वाकल्या वाकल्याच हलक्या आवाजात दटावलं, "मागं सरू नकोस. तिथं उभी आहेस तोवर मी तुझा बाप नाही. आणि तिथून जे बोलशील ते तुझं. दुसऱ्यावर ढकलायचं नाही." आणि तिनं काय केलं? त्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक कीर्तनात, प्रत्येक पदाआधी, ‘आमचे अण्णा म्हणत.’ ती नम्रता वाटायची. तिला स्वतःलाही वाटायची. आता स्टँडच्या कलकलाटात, उसाच्या वासात, तिला ती नम्रता न वाटता चोरी वाटली. ज्यानं ढकलू नकोस म्हटलं त्याच्याच अंगावर तिनं सगळं ढकललं होतं. मग तिला राग आला. यंत्राचा नव्हे, निमिषचा तर नव्हेच. गादी रिकामी राहायची नाही असं कुणीतरी मायेनं सांगतं आणि आपण पिशवी उचलून गाडीपाशी येऊन बसतो, याचा. फलटणचे बुवा पाठ करून बसले आहेत. करू देत. तिनंही पाठच केलं होतं.

ड्रायव्हर आला, दार आपटलं, कंडक्टरनं घंटी मारली. "सातारा, सातारा. बाई, चढताय का?"

"नाही," शरयू म्हणाली. "चांदसाहेब, चला. आणि आज जरा जागे राहा."

"म्हंजे?"

"म्हणजे खांदे दुखतील."

देवळात माणूस दाटलेलं होतं. नानासोंनी हौसेनं सभामंडपाच्या एका बाजूला टेबल मांडून संगणक आणवला होता, गळ्यात झेंडूची माळ घातलेला. त्याच्यामागं निमिष, पुढ्यात टेपरेकॉर्डर. ती आलेली पाहून त्याचा चेहरा इतका उजळला की तिला वाटलं, याला दुखवून कसं चालेल? नमन झालं, पूर्वरंग झाला. निरूपण तिनं नेहमीसारखंच केलं, चांदसाहेबांचे डोळे नेहमीसारखेच मिटलेले. मध्यंतराला नानासोंनी तिला बुक्का लावला, हार घातला, पाया पडले आणि माईक घेऊन सांगितलं, "आता उत्तररंगात, ज्याची सगळी वाट बघतायत, त्ये अण्णांचं नवं आख्यान."

टाळ्या पडल्या. देवळात टाळ्या कुणी वाजवत नाही, पण आज पडल्या. शरयूनं त्या थांबू दिल्या.

"अण्णा गेले," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाचं नवं काही नसतं. मी आज सकाळी यंत्रानं केलेली एक साकी वाचली. फार सुंदर आहे. ती अण्णांची म्हणून मी ओळखली, आणि अण्णांची खरी साकी ओळखली नाही. हे तुम्हाला नानासो सांगतील, म्हणून आधी मीच सांगते."

मंडपात हशा पिकला. नानासोही हसले, मग सावध झाले. "ताई, आता म्होरं चला की."

"तिकडंच निघालेय. ती साकी मी म्हणणार नाही. वाईट आहे म्हणून नाही. इथं उभं राहून जे बोलायचं ते आपलं असावं लागतं, आणि ती ज्याची आहे ते यंत्र इथं उभं राहू शकत नाही. त्याचे पायही दुखत नाहीत. आणि अण्णांच्या साक्याही मी आज म्हणणार नाही. पुष्कळ म्हटल्या. नानासो, फलटणच्या बुवांना बोलवायचं तर खुशाल बोलवा, ते येईपर्यंत मी उभी आहे."

मागून एक म्हातारा खाकरला. "बोला ताई, बसलोय आमी." नानासोंनी उपरण्यानं कपाळ पुसलं. त्यांना राग आला होता, पण गादीवर उभ्या असलेल्या बाईला खाली उतरा म्हणण्याची छाती त्यांचीही नव्हती.

तिनं आख्यान सांगितलं. साध्या बोलण्यात, पद्य न घेता. बोरं, वाट, राम येणं, उष्टी बोरं खाणं. सांगताना जागोजाग अण्णांचे शब्द तोंडाशी येत होते, तयार, चकचकीत, आणि ती त्यांना बाजूला करत होती. बाजूला केल्यावर तिथं काहीच नसे. एक भोक. त्या भोकावर ती उभी राही, लोक बघत राहात, आणि मग कुठून तरी एखादा ओबडधोबड शब्द येई. बोरं खाऊन झाली. अण्णांचं आख्यान इथं संपत असे. यंत्राचंही इथंच संपत होतं, कारण यापुढचा अण्णांचा एकही शब्द कुठल्या कॅसेटीत नव्हता. पुजाऱ्यानं आरतीचं ताट उचललं, बायकांनी पदर सावरले.

"ताट ठेवा," शरयू म्हणाली. "राम गेला. पुढं?"

ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"राम काय, बोरं खाऊन गेला. त्याला काम होतं. ही मागं राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडलंच असेल ना? रोज उठून बोरांना जायची सवय. आज कुणासाठी जायचं? आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो येऊनही गेला. आता या बाईनं करायचं काय?" हे आख्यानातलं नव्हतं. हे कुठलंच नव्हतं. आपण कुणाबद्दल बोलतोय हे तिला कळलं आणि आवाज फाटला, पण अण्णा जिथं डोळे पुसत तिथं नव्हे, भलत्याच ठिकाणी. तिनं चिपळ्या उचलल्या. साकीची चाल धरली, आणि पहिली अर्धी ओळ आपसूक आली:

राघव गेला. दुसऱ्या दिवशी...

चांदसाहेबांचा हात ठेक्यावर पडला. पुढचे शब्द नव्हते. ती शोधत राहिली, ठेका फिरून आला, तरी नव्हते. पुढच्या रांगेतली एक पोर तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. तिसऱ्यांदा ठेका फिरला.

...शबरी उठली तरीही.

एक मात्रा जास्त झाली. भाकरीत खडा यावा तशी ती दाताखाली आली. यंत्रानं ती ओळ केव्हाच टाकून दिली असती. अण्णांनीही दिली असती. शरयूनं ती पुन्हा म्हटली, तशीच, जास्तीच्या मात्रेसकट, आणि ‘तरीही’वर इतकी रेंगाळली की चांदसाहेबांची सम चुकली. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं, "या अल्ला," असं पुटपुटले आणि हात वर धरून बसले. ओळ चांगली होती की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. आपण पडणार हे जवळजवळ ठाऊक होतं, आणि तळपाय मात्र घट्ट टेकलेले होते.

टेबलामागं निमिष उभा राहिला होता, बटणावर बोट, बंद करू की नको अशा संभ्रमात.

"निमिष, टेप चालू आहे ना?"

"आहे, आत्या."

"राहू दे चालू. हेही घाल त्याला. शिकू दे निवांत." तिनं चिपळ्या पुन्हा एकमेकींवर आपटल्या. "तोवर मी पुढं गेलेली असेन."

आणि तिनं साकीचा दुसरा चरण तोंडात आलेल्या पहिल्या शब्दावर सुरू केला.